तुसातले देव

आमच्या डावखारला मोठ्या भरतीच्या वेळी अंगणात उभं राहिलं, तर खाडीतल्या होडीचा तळ आपल्या डोक्याच्या वर असतो. मध्ये फक्त मातीचा एक बांध आहे. माझं माहेर किहीमचं. तिथं समुद्र म्हणजे वाळू, नारळी आणि संध्याकाळचा वारा. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच उधाणाला मी सासूबाईंना विचारलं, "पाणी वर आन आपण खाली, हे कसं?" त्या म्हणाल्या, "बांध हाय ना. निज तू." मी निजले, पण एक कान बांधाकडे ठेवून. तो कान अजून तिकडेच आहे.

हा बांध गेली नऊ वर्षं एका बाईनं सांभाळला. तिचं नाव कमळ. आमच्या शेजारची, नात्यानं लांबची जाऊ, वयानं मोठी, म्हणून मी तिला कमळवहिनी म्हणते. या शिमग्यानंतर ती कायमची कॅनडाला राहायला गेली आणि जाताना बांध माझ्या हातात देऊन गेली. त्याचं पुढं काय झालं ते लिहून ठेवते आहे. गावात त्याच्या आता चार गोष्टी झाल्या आहेत आणि त्यातल्या तीन गोष्टींत मी नाहीच.

परक्या माणसाला वाटतं, बांध लाटांनी फुटत असेल. आमच्याकडे तो खेकडा फोडतो. खाडीच्या बाजूनं खेकडा बीळ करतो, ते वाकडंतिकडं होत आतल्या शेतापर्यंत येतं. लहान भरतीला काही कळत नाही. पण अमावास्या-पौर्णिमेनंतर बीज-तीजेला उधाण येतं, पाणी वरपर्यंत चढतं, बिळातून आत घुसतं, माती खात खात वाट मोठी करतं. मग बांधाचा मोठा लचका एकदम बसतो. त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. एकदा खारं पाणी शेतात आलं की ते भात मेलंच, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं काही उगवत नाही.

म्हणून उधाणाच्या आधी बांध चालत जायचं आणि बिळं बुजवायची. पूर्वी घराघराची पाळी असायची. मग घरातली माणसं कंपन्यांत लागली, ट्रेलरवर गेली, कुणी शेतं विकली, आणि पाळ्या राहिल्या कागदावर. शेवटी एकटे येसाजीभाऊ जायचे. येसाजीभाऊ म्हणजे कमळवहिनीचे मालक. नऊ वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या बीजेला त्यांना आतल्या बाजूनं पाणी झिरपताना दिसलं. ते आतून उतरले, पेंढा आणि चिखल घेऊन. भोक बुजवायला वाकले आणि बांध त्यांच्या अंगावर बसला. पाणी आत आलं नाही. मातीनंच भोक बुजलं. गावकरी म्हणाले, येसाजीनं गाव वाचवलं. तेरावा झाला, त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला सकाळी मी पाहिलं, तर वहिनी लुगड्याचा काष्टा वर खोवून, खांद्याला तुसाची पिशवी अडकवून बांधावर चालली होती.

तूस म्हणजे भाताची टरफलं. खाडीचं पाणी बांधाला निम्म्यावर लागलं की पाण्यावर मूठ मूठ तूस सोडत जायचं. तूस तरंगतो. जिथं बीळ नाही तिथं तो नुसता डुलत राहतो. जिथं बीळ आहे तिथं तो गोल फिरायला लागतो, आणि फिरत फिरत एका जागी खाली जातो. तिथं हात घालायचा. ओला चिखल, त्यात पेंढा कालवून, मुठीनं ठोकून भरायचा. आणि नेहमी खाडीच्या बाजूनंच. आतून कधी नाही. ही शेवटची गोष्ट ती येसाजीभाऊंकडून शिकली नव्हती. त्यांच्यामुळं शिकली.

नऊ वर्षांत तिनं एक उधाण चुकवलं नाही. अंगात ताप असताना गेली. मुलाच्या हळदीच्या दिवशी गेली आणि हाताला चिखल तसाच घेऊन मांडवात आली. बायका हसल्या, तर म्हणाली, "हळद काय न चिखल काय, दोनी अंगाला लावायचंच हाय."

तिचा मुलगा अल्पेश. त्याच्या आधी तिचा पुतण्या विनेश कॅनडाला गेला. विनेश आधी उरणच्या बंदरावरून कंटेनरचे ट्रेलर चालवायचा. तिकडं ट्रकच चालवायला लागला आणि एकेकाला ओढत गेला. भाऊ गेला, मग बहीण-मेव्हणा, मग म्हातारे आईवडील, म्हणजे वहिनीचे दीर-जाऊ. मग अल्पेश, त्याची बायको प्राप्ती आणि त्यांची आरोही. व्हँकुव्हरजवळ सरे म्हणून गाव आहे, तिथं एका रस्त्याला यांची पाच घरं. गणपती पण आता तिकडेच बसतो. इकडं राहिली ती वहिनी, आणि बांध.

पौषात अल्पेश आणि विनेश दोघं तिला न्यायची बोलणी करायला आले. त्या दिवशी मी तिच्या ओटीवर पावटे सोलत बसले होते.

"आई, तुझे कायमचे कागद झाले," अल्पेश म्हणाला. "आता फिरायला म्हणून नाही यायचं. राहायलाच यायचं."

"कायमचं म्हंजे?"

"म्हणजे कायमचं. आपली अख्खी आळी तिथं आहे. इथं कोण आहे तुझं?"

"बांध हाय," वहिनी म्हणाली.

विनेश हसला. "काकी, तिकडं पण समुद्र हाय. वीस मिनटांवर. खेकडे तर असले मोठे. पण धरायला लायसन लागतं."

"मंग बिळं बुजवायला पन लागत आसंल."

"तिकडं काकी काय बुजवायला लागत न्हाय. सगळं मशीन करतं."

"मंग मी तिथं काय करू रे, मशीनकडं बघत बसू?"

सगळे हसले. अल्पेश हसला नाही. तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी जहाजावर होतो. तेराव्याला पोचलो. आता तुझ्या वेळी मी बारा हजार किलोमीटर लांब असायचं का? एखाद्या उधाणाला तू पाय घसरून पडलीस तर मला फोन कोण करणार? ही सुचिताकाकीच ना?"

पावटे माझ्या हातात तसेच राहिले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं की ती जाणार. मुलाचं बोलणं तिला पटलं नव्हतं, पण त्याची भीती तिनं ओळखली होती. ती भीती तिच्या घरातलीच होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. बसली नाही. चौकटीला हात लावून म्हणाली, "सुचिता, बांध तू घेशील का? न्हाय म्हनलीस तर मी जात न्हाय. खरंच सांगते. पोराला काय सांगायचं ते सांगीन मी."

मी हो म्हटलं. मला तेव्हा अंगणवाडीच्या नोकरीतून सुटून वर्ष झालं होतं, वेळ होता. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, मूठभर तूस सोडायचा आणि बघायचा, त्यात काय आहे.

दोन महिने तिनं मला बरोबर नेलं. ती फार समजावणारी बाई नव्हती. "बघ," एवढंच म्हणायची. मी बघायची. एकदा मी विचारलं, "तूस फिरतो ते कळलं, पण नाही फिरला तर काय?" ती म्हणाली, "मंग देवाचं नाव घ्यायचं न घरी जायचं." हे उत्तर मी नीट पाठ केलं. त्यातच पुढं सगळं चुकलं.

जायच्या आदल्या दिवशी बांधाच्या सुरुवातीला जो शेंदराचा दगड आहे, आमचा बापदेव, त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गावातली मुलं बोटीवर जातात तेव्हा गुरव दत्तात्रेय नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो आणि आम्ही शेवटी सगळे "व्हय" म्हणतो. शब्द ठरलेले आहेत. जाईल तिथं राख, पाण्यात राख, वाऱ्यात राख, आणि वर्षाच्या आत उंबऱ्याला सुखरूप आणून घाल.

दत्तात्रेयानं नारळ ठेवला. सुरुवात केली. "बापदेवा, ही तुझी लेक कमळ, येसाजीची अस्तुरी, सातासमुद्रापार चाललीय. तिला जाईल तिथं राख. पाण्यात राख, वाऱ्यात राख. आन वर्साच्या आत..." आणि तो थांबला. त्यानं अल्पेशकडे पाहिलं. "कायमची ना रे चाललीय?"

"हो," अल्पेश म्हणाला.

"मंग पुढचं कसं म्हनू? माघारी आणायचं सांगितलं आन देवानं आणलं तर?"

शेवटी तो "राख" म्हणूनच थांबला आणि आम्ही "व्हय" म्हटलं. पण आमचा आवाज सवयीनं लांबत गेला, आणि पुढं शब्दच नव्हते. नारळ फुटल्याचा आवाज तेवढा आला. वहिनी पाठ फिरवून खाडीकडे बघत उभी होती.

संध्याकाळी तिच्या घरातले देव काढायला मी गेले. पाच टाक, एक अन्नपूर्णा आणि पितळेचा बाळकृष्ण. प्राप्तीनं तिकडं नवीन देव आणून ठेवले होते, आणि वहिनीला वाटत होतं की खाडीकाठचे देव बर्फात नेऊ नयेत. आमच्याकडे घर बंद करून जायचं असलं की देव तांदळाच्या डब्यात ठेवतात. धान्यात देव उपाशी राहत नाहीत, असं मानतात. परत आलं की त्याच तांदळाचा नैवेद्य करायचा. मी तांदळाचा डबा पुढं ओढला. वहिनीनं तो मागं सारला.

"तांदूळ परत येनाऱ्याला," ती म्हणाली. "मी न्हाय आले तर किडं लागतील न देव किड्यांत पडतील. तुसात ठेव. तुसाला कोन खात न्हाय."

कोपऱ्यातल्या गोणीतून तिनं पितळेच्या डब्यात तूस भरला आणि एकेक देव त्यात दाबला, जसं बीळ बुजवावं तसं. हातानं ठोकून. वरून झाकण लावलं, फडकं बांधलं आणि डबा देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. उरलेली गोणी माझ्या अंगणात आणून टाकली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना माझ्या हातात घराची चावी दिली आणि म्हणाली, "संध्याकाळचा दिवा लाव. डबा उघडू नको."

ती गेली.

तिच्या त्या गोणीतला तूस मला वैशाखापर्यंत पुरला. दर उधाणाला मी जायची. तूस सोडायची. कुठं फिरला तर हात घालायची, बुजवायची. परत येऊन व्हॉट्सअॅपवर तिला सांगायची. ती आधी तेच विचारायची. तब्येत, पोरं, पाऊस, सगळं नंतर.

"तूस फिरला का?"

"दोन जागी फिरला वहिनी. बुजवलं."

"बरं."

तिकडची गंमतही सांगायची. "आगं, हितंबी बांध हाय," एकदा म्हणाली. "विनेशनं दाखवला. लांबच्या लांब. लोकं त्याच्यावर कुत्री फिरवतात, सायकली चालवतात. मी खाली वाकून बघत व्हते, तर एक बाई आली न विचारती, काय हरवलं का. त्यांच्यातलं कुनी खाली बघत न्हाय सुचिता."

"मशीनचा बांध असेल तो."

"आसंल. पन खेकडा त्यो खेकडाच."

ज्येष्ठात गोणी संपली. पूर्वी गावात भाताची मोठी गिरणी होती, ती बंद पडून तीन वर्षं झाली. आता सगळे भात निकेशकडे नेतात. निकेशनं घराच्या पडवीत एक छोटी गिरणी बसवली आहे, घरच्या विजेवर चालणारी. मी त्याच्याकडून तूस मागितला. तो म्हणाला, "काकी, न्या ना गोणीच्या गोण्या, मना तो टाकायलाच जागा न्हाय." चांगला बारीक, मऊ तूस होता. खांद्याला टोचायचा नाही. मला आवडला.

त्यानंतर तूस फिरलाच नाही.

आषाढातली दोन्ही उधाणं गेली. मी सबंध बांध चालले, मूठ मूठ सोडला, एका जागीही फिरला नाही. पाण्यावर पडायचा, क्षणभर दिसायचा आणि मग पाण्यात मिसळून जायचा. मी देवाचं नाव घेतलं आणि घरी आले. वहिनीला सांगितलं, "कुठं फिरला नाही."

"एकबी न्हाय?"

"एक पण नाही. बांध भक्कम झालाय तुमचा."

"बरं," ती म्हणाली. पण या "बरं"चा सूर निराळा होता.

मला तेव्हा काही गोष्टी दिसल्या होत्या. पाहून मी त्यांना दुसरीच नावं दिली. तिचं शेत या साली आम्हीच लावलं होतं, त्याचा बांधाकडचा पट्टा पिवळा पडायला लागला होता. मी म्हटलं, खत कमी पडलं. तिच्या मागच्या दारी मोरीजवळ खेकड्यांची पिल्लं दिसायला लागली. मी म्हटलं, पावसाचे दिवस आहेत. एका संध्याकाळी दिवा लावायला गेले, तर एक खेकडा देव्हाऱ्याखाली, भिंतीला अंग लावून बसलेला. केरसुणीनं त्याला बाहेर काढला, तर जाईना, नांगी वर करून माझ्याकडे तोंड करून मागं मागं सरकत गेला. त्या रात्री मी रामरक्षा दोनदा म्हटली. पण बेडूक ओरडायचे थांबले आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. गोड्या पाण्यातला बेडूक खाऱ्या पाण्यात राहत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

नारळी पौर्णिमा झाली. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ मिरवत नेऊन खाडीला दिला. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण तिसऱ्या दिवशी, बीजेला, दुपारी एकच्या सुमाराला येणार होतं. येसाजीभाऊ गेले ती तिथी. सकाळी पावणेदहाला मी बांधावर उभी होते, पाणी निम्म्यावर आलं होतं, आणि फोन वाजला. तिच्याकडे आदल्या दिवसाची रात्र होती, सव्वानऊ.

"सुचिता, फोन उलटा धर. मना पानी दाखव."

मी फोन पाण्याकडे केला.

"आता सोड."

मी एका हातानं मूठभर तूस सोडला. तो पाण्यावर पडला आणि दिसेनासा झाला.

"परत सोड."

परत सोडला.

मग ती म्हणाली, हळू, जणू कुणी ऐकेल, "सुचिता, त्यो बुडतोय."

"काय?"

"तूस बुडतोय. तूस कवा बुडतो का? तूस तरंगला तर फिरनार ना! कुठला हाय ह्यो?"

मी पिशवीत हात घालून मूठ डोळ्यांजवळ धरली. त्यात टरफल नव्हतंच. निकेशची गिरणी टरफलही दळून काढते. ते पीठ होतं. गेले दोन महिने मी खाडीला पीठ घालत होते आणि पाण्यात काही फिरत नाही म्हणून देवाचे आभार मानत होते.

"कवापास्नं?" वहिनीनं विचारलं.

"ज्येष्ठापासून."

ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "घरी जा. देवाचा डबा उघड."

"वहिनी, तो तुम्ही..."

"मीच सांगते ना? देव भायेर काढ, तुझ्या घरी ने. त्यांच्यातला तूस घे. तेवढाच खरा तूस हाय गावात. पळ."

मी पळाले. कुलूप काढलं. फडकं सोडलं, झाकण काढलं, आणि तुसात हात घालून देव चाचपले. थंड लागले. एकेकाला पदरात घेताना मी म्हणत होते, माफ करा, माफ करा. देव माझ्या देव्हाऱ्यात नुसते ओळीनं ठेवले, ना हळद ना कुंकू, आणि डबा घेऊन बांधावर आले. वाटेत दत्तात्रेयाला हाक मारली, निकेशला हाक मारली. ते फावडी घेऊन मागून धावले, आणखी चार-सहा जण आले.

पाणी आता वर चढलं होतं. मी देवांचा तूस सोडला.

तो लगेच फिरला. पहिल्याच मुठीला. दहा पावलांवर दुसरी मूठ, तीही फिरली. तिसरी. मग मी मोजायचं सोडून दिलं. चिखल भरत गेलो, दोन जागी तोंडं बंद झाली. आणि आम्ही येसाजीभाऊंच्या जागेपाशी आलो. तिथं मी मूठ टाकली नाही. टाकायची गरजच नव्हती. पाणी आपणच गोल फिरत होतं, ताटाएवढं, आणि मध्ये खड्डा पडला होता. आतल्या बाजूला, वहिनीच्या शेतात, बांधाच्या पायथ्यापासून गढूळ पाण्याचा झरा वर उसळत होता.

"आतून दाबूया," निकेश म्हणाला. "गोण्या टाकतो, मी उतरतो. काकी, चूक माज्या गिरनीची हाय."

फोन माझ्या कमरेला खोचलेला होता, चालूच. त्यातून वहिनीचा आवाज आला. ती ओरडत होती. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं.

"आत कोनी उतरायचं न्हाय! सुचिता, ऐकतेस का? बांध गेला तर जाऊ दे! माजं शेत गेलं, घर गेलं तर जाऊ दे! आत मानूस उतरवू नको!"

निकेशनं एक पाय खाली टाकला होता. मी त्याचा सदरा मागून धरला, दोन्ही हातांनी, तूस-डबा सगळं टाकून. तो म्हणत होता, "सोडा काकी, दोन मिनटांचं काम हाय." मी म्हटलं, "मागं हो. मागं हो, नाहीतर तुझ्या आईला मी काय सांगू?" दत्तात्रेयानं त्याला दंडाला धरून वर ओढलं. आम्ही सगळे वीस पावलं मागं सरकलो.

मोठा आवाज नाही झाला. बैल खाली बसतो तसा बांध बसला. आधी गुडघे, मग सगळं अंग. निकेश जिथं उतरणार होता ती जागा पहिली गेली. मग पाणी आत आलं, घाई न करता, जणू वाट माहीत असल्यासारखं. भाताच्या लोंब्या अजून यायच्या होत्या. हिरवी रोपं आधी वाकली आणि मग दिसेनाशी झाली. वहिनीचं घर सगळ्यात खाली. पाणी पायरीवर चढलं, ओटीवर चढलं, दारातून आत गेलं. आत कुठं तरी पत्र्याचं काही तरी वाजलं आणि थांबलं.

फोनवरून ती ऐकत होती.

"मानसं?" तिनं विचारलं.

"सगळी वर आहेत. निकेश आहे."

"मोज."

मी नावं घेत मोजली. दत्तात्रेय, निकेश, बाकीचे. तिनं प्रत्येक नावाला "हं" म्हटलं.

"आन देव?"

"माझ्या घरी. माझ्या घराचं जोतं उंच आहे, तिथं नाही चढलं पाणी."

मागं अल्पेशचा आवाज येत होता, "आई, काय झालं, आई?" ती मला म्हणाली,

"त्यांना आता तांदळात ठेव."

मी तसंच केलं. संध्याकाळी माझ्या घरचे, मागच्या साली पिकलेले तांदूळ डब्यात घातले आणि एकेक देव त्यात ठेवला.

यालाही आता चार महिने होतील. पोकलेननं बांध पुन्हा घातला आहे, पूर्वीपेक्षा उंच. लोक म्हणतात, आता काळजी नाही. मी कार्तिकात पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेले होते, तिथून येताना एका मोठ्या गिरणीतून तुसाची गोणी आणली. गिरणीवाल्याकडे वाटीभर पाणी मागितलं आणि आधी त्यात टाकून बघितला. तो म्हणाला, "काय हो आई, तूस कधी पाहिला नाही का?" मी म्हटलं, "पाहिला होता. नीट नाही पाहिला."

वहिनी दर उधाणाला फोन करते. फोन उलटा धरायला लावते. येणार असं तिनं स्वतः एकदाही म्हटलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. अल्पेश मला वेगळा फोन करून म्हणाला, "काकी, तिला तिकडचं काही जास्त सांगू नका. झोपत नाही ती. इतक्या खटपटीनं कागद झालेत, आता मोडायचे नाहीत. आणि ती येऊन राहणार कुठं? घराच्या भिंती मिठानं फुगल्यात." त्याचंही खरं आहे.

बापदेवाच्या दगडापर्यंत त्या दिवशी पाणी आलं होतं. शेंदूर धुऊन गेला. दत्तात्रेयानं नवा लावला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "त्या दिवशीचं गाऱ्हाणं अर्धं राहिलंय. पुरं करतोस का?" तो म्हणाला, "वर्साच्या आत उंबऱ्याला आणून घाल, म्हनायचं ते. आन उंबरा कुठाय?"

परवा देवांचा डबा उघडला. तांदळाला किडे लागले आहेत. बाळकृष्णाच्या हातावर एक चढत होता. या वर्षी आमच्या कुणाच्याच शेतात भात झालं नाही, म्हणून दुकानातून तांदूळ आणून बदलले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी अमावास्या आहे, मग उधाण.